बाईकचा डॅशकॅम रेकॉर्डिंग करत नाहीये? आधी पाना-पक्कड खाली ठेवा

गेल्या पावसाळ्यात नवले पुलाच्या उतारावर एका टेम्पोने माझा डावा आरसा उडवला. मी पडलो नाही, नशीब. टेम्पोवाला थांबलाही नाही. मी म्हटलं जाऊ दे, पुढे-मागे दोन कॅमेरे लावलेत ते कशाला, घरी जाऊन नंबर काढू. घरी आलो, चहा टाकला, कार्ड लॅपटॉपला लावलं तर शेवटची फाइल १९ दिवसांपूर्वीची! आणि हे १९ दिवस हँडलवरचा तो लाल दिवा रोज लुकलुकत होता, आणि मी रोज त्याच्याकडे बघून खूश होत होतो की वा, रेकॉर्डिंग चालू आहे. मॅन्युअल उघडून बघितलं तेव्हा कळलं की माझ्या कॅमेऱ्यात नीट चालू असेल तर दिवा सावकाश लुकलुकतो आणि भराभर लुकलुकला तर काहीतरी बिघडलंय.

तेव्हापासून स्वतःची आणि मग ओळखीतल्या चार-पाच जणांची सिस्टीम उघडून बघितली, आणि एक गोष्ट पक्की झाली. कॅमेरा स्वतः मेलेला असा फारच क्वचित सापडतो. गडबड असते ती करंट देणाऱ्या वायरीत, नाहीतर कार्डात, नाहीतर एखाद्या कनेक्टरात. आणि नवीन माणूस सुरुवात करतो बरोबर उलट्या टोकाने, म्हणजे फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट, फॅक्टरी रीसेट, नवीन कॅमेरा. म्हणून खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या आणि चालू झालं तर कशाने झालं ते कळत नाही आणि महिन्याभराने परत तेच.

तुमच्या गाडीत नक्की काय-काय बसवलंय ते बघा

सीट काढा. बहुतेक दोन-कॅमेरावाल्या सिस्टीममध्ये सीटखाली साबणाच्या वडीएवढा एक डबा असतो, तो मेन युनिट, रेकॉर्डिंग त्यात होतं आणि कार्डही त्यातच. त्याच्यातून पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याची एकेक केबल, हँडलवरच्या बटणाची एक, जीपीएसची एक, आणि करंटच्या तीन वायरी निघतात. त्या तीन नीट समजून घ्या कारण अर्धी भानगड तिथेच आहे. एक बॅटरीच्या प्लसला थेट जाते, कायम करंट असलेली. दुसरी एसीसी, म्हणजे चावी ऑन केल्यावरच करंट येणारी, तिच्यामुळे कॅमेऱ्याला कळतं की आता उठायचं. तिसरी निगेटिव्ह, काळी. पहिल्या दोघींचे रंग बऱ्याचदा पिवळा आणि लाल असतात पण रंगावर विश्वास ठेवू नका, वायरीवरची चिठ्ठी वाचा.

मग मॅन्युअलमधलं दिव्याचं पान, फक्त तेवढंच पान, फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मी जे १९ दिवस घालवले ते तुम्ही घालवू नका.

गाडी बाजूला, कॅमेरा बाजूला

ही सगळ्यात कामाची टेस्ट आहे आणि कोणी करत नाही. घरात वायफाय राउटरचा अ‍ॅडॅप्टर असतो, त्याच्यावर बघा आउटपुट १२ व्होल्ट लिहिलंय का, बऱ्याच राउटरला तेच असतं (काही ९ व्होल्टचे असतात, ते नको). जुना पडलेला असेल तर उत्तम, चालू राउटरचा काढलात तर घरचे बोलतील ते तुमचं तुम्ही बघा. मेन युनिटच्या वायरी गाडीपासून सोडवा, कायमची वायर आणि एसीसी अशा दोन्ही एकत्र करून अ‍ॅडॅप्टरच्या प्लसला, काळी मायनसला. पिनचा आतला भाग बहुतेक वेळा प्लस असतो पण मीटर लावून खात्री केल्याशिवाय जोडायचं नाही, उलटं झालं तर मग खरंच नवा कॅमेरा घ्यावा लागेल.

आता अर्धा तास तसंच चालू ठेवा. नीट रेकॉर्ड झालं तर कॅमेरा, केबल, कार्ड सगळं ठीक आहे, दोष गाडीच्या वायरिंगमध्ये. इथेही बंद पडत असेल तर कार्ड काढून परत चालू करा. कार्डाशिवाय शांत चालतो आणि कार्ड घातलं की परत-परत रीस्टार्ट होतो, असं असेल तर कार्डच गुन्हेगार. एवढ्याने तुमचं निम्मं काम झालं.

यूएसबीवर चालणारा छोटा कॅमेरा असेल तर अजून सोपं, त्याला पॉवर बँक लावून बघा.

करंट

मल्टिमीटर घ्या. इलेक्ट्रिकलच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत साधा मिळतो आणि तो घेतल्याशिवाय हा भाग होणारच नाही, अंदाजपंचे वायरी ओढून काही कळत नाही. मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेवायचा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे थोडी उतरलेली, १२ च्या खाली म्हणजे कॅमेरा सोडा, आधी बॅटरी चार्ज करा. इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये कुठेतरी दिसायला हवं. तेवढं येत नसेल किंवा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर दाखवून घ्या, जास्त व्होल्टेजने कॅमेरा आणि बॅटरी दोन्ही जातील.

आता मजा बघा. मीटर तसाच ठेवून मित्राला सेल्फ मारायला सांगा. माझ्याकडे १२.५ वरून आकडा धपकन ९.८ वर आला आणि इंजिन लागल्यावर परत वर गेला, जेमतेम सेकंदाचा खेळ. एवढ्या वेळात कॅमेरा बंद होऊन परत चालू झाला. बऱ्याच लोकांची तक्रार असते ना की सुरुवातीची फाइल उघडतच नाही किंवा दहा सेकंदांचीच आहे, ते हेच. बॅटरी चांगली असताना असं होत असेल तर एसीसी कुठून घेतलीय ते बघा. हेडलाइटच्या वायरीतून घेतली असेल तर तिथेच उत्तर सापडतं, कारण बऱ्याच गाड्यांत सेल्फचं बटण दाबलं की हेडलाइट क्षणभर बंद होतो, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यालाही वाटतं चावी बंद केली.

जुन्या गाडीवाल्यांनी अजून एक लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे दुचाकीचा हेडलाइट कायम चालू राहणारा आला, पण त्याच्या आधीच्या कित्येक कम्युटर गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालायचा. त्या वायरीला डीसीवाला कॅमेरा जोडलात तर बिचारा जगणार नाही. मी स्वतः एसीसी टेललाइटच्या वायरीतून घेतो, सीटखालीच असते, लांब वायर ओढावी लागत नाही, पण आधी मीटर लावून तपासतो की चावी ऑन असताना तिथे स्थिर १२ व्होल्टच्या आसपास डीसी मिळतोय आणि चावी ऑफ केली की शून्य होतोय.

किल स्विचच्या (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) पुढच्या लाइनीतूनही एसीसी घेऊ नका. सिग्नलला किल स्विचने गाडी बंद करायची सवय असली की प्रत्येक सिग्नलला कॅमेरापण बंद, आणि धडक नेमकी सिग्नलला उभे असताना मागून बसते.

आता निगेटिव्ह. याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. माझ्या मित्राचा कॅमेरा खड्ड्यात आपटला की बंद व्हायचा, दोन महिने तो कार्ड बदलत बसला. शेवटी आमच्या इथल्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी सीट काढली, काळी वायर दोन बोटांनी हलवली, आणि म्हणाले, "अहो कॅमेऱ्याला काय झालंय? अर्थिंगच नाहीये त्याला." आधीच्याने निगेटिव्ह चेसिसच्या एका बोल्टखाली दाबली होती, पण रंगावरच, खालचं लोखंड उघडं केलंच नव्हतं. काकांनी ती वायर बॅटरीच्या मायनसला नेऊन लावली, पाच मिनिटं लागली. तेव्हा निगेटिव्ह थेट बॅटरीला, बाकी कुठे नको. प्लसच्या वायरीत बॅटरीजवळ २ अँपिअरचा फ्यूज हवाच, आणि जोड नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला असेल तर तो पावसाळ्यात सुटणार, सोल्डर करून वरून हीट श्रिंकची नळी चढवून घ्या.

गाडी सकाळी सेल्फ घेत नाही आणि कॅमेरा लावल्यापासूनच हे चालू झालंय? पार्किंग मोड बघा, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू ठेवणारी सेटिंग. हिशोब सोपा आहे. उभ्या गाडीत कॅमेरा ०.२ अँपिअर खातो असं धरलं तर दहा तासांत २ अँपिअर-तास गेले. दीडशे सीसीच्या गाडीची बॅटरी साधारण ४-५ अँपिअर-तासांची, म्हणजे एका रात्रीत जवळजवळ निम्मी खल्लास. हा मोड कारवाल्यांसाठी ठीक आहे, त्यांची बॅटरी आठ-दहा पट मोठी असते. बाईकवर माझं मत, बंदच ठेवा. ठेवायचाच असेल तर कमी व्होल्टेजला बंद होण्याची सेटिंग १२.२ च्या खाली नेऊ नका.

कार्ड, आणि आपले खड्डे

कॅमेरा कार्डावर दिवसभर लिहितो-पुसतो-लिहितो. फोनमधलं जुनं कार्ड काढून घातलंत तर ते काही महिन्यांत दम टाकणार. पाकिटावर हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं आणि यू३ किंवा व्ही३० खूण असलेलं कार्ड घ्या, त्या खुणेचा अर्थ सेकंदाला कमीत कमी ३० एमबी लिहिण्याची हमी. आणि कॅमेरा जास्तीत जास्त किती जीबी घेतो ते बघून घ्या, १२८ पर्यंतच घेणाऱ्यात २५६ घातलं की तो कधी ओळखतो कधी नाही.

किती तास मावतं? दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला ३० मेगाबिट लिहितात असं धरा, म्हणजे तासाला साडेतेरा जीबी. ६४ जीबीचं कार्ड पावणेपाच तासांत भरतं आणि मग सगळ्यात जुन्या फाइलवर नवीन लिहायला लागतं. लोक म्हणतात "परवाचं रेकॉर्डिंग गायब झालं", गायब झालं नाही हो, त्याच्यावर कालचं बसलं.

फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातूनच करा. ३२ जीबीच्या वरची कार्डं दुकानातून एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना फॅट३२ नावाचा दुसरा लागतो, कॅमेरा स्वतः फॉरमॅट करतो तेव्हा त्याला हवं तसं करून घेतो. महिन्यातून एकदा करायचं, त्याआधी हवं ते कॉपी करून. नकली कार्डांचा धंदाही जोरात आहे, वर लिहिलेलं १२८ आणि आत खरे १६, सुरुवातीला छान चालतं आणि भरत आलं की फाइली खराब निघायला लागतात. संशय आला तर कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण कार्ड भरून आणि परत वाचून खरं-खोटं सांगतं, वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

आता माझ्या १९ दिवसांचं कारण. कॅमेऱ्यात जी-सेन्सर असतो. जोरात हादरा बसला की त्याला वाटतं अपघात झाला, आणि तो ती फाइल लॉक करतो म्हणजे तिच्यावर परत लिहिलं जाणार नाही. कल्पना उत्तम आहे, जिथे रस्ते रस्त्यासारखे असतात तिथे. माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर जुलैमध्ये दर ५० मीटरला एक अपघात होत होता कॅमेऱ्याच्या मते! लॉक झालेल्या फाइलींनी कार्ड भरलं, नवीन लिहायला जागा नाही, कॅमेरा बिचारा भराभर लाल दिवा मारतोय आणि मी खूश. कार्डावर इव्हेंट किंवा लॉक असं काहीतरी नाव असलेलं फोल्डर असतं ते उघडून बघा, शेकडो फाइली असतील तर हेच. जी-सेन्सर सगळ्यात कमीवर न्या, तरी भागलं नाही तर बंद करा, हँडलवरचं बटण दाबून स्वतः लॉक करता येतं की.

केबल आणि पाणी

मागचा कॅमेरा काळा दिसतोय? आधी पुढच्या आणि मागच्या केबलच्या जागा मेन युनिटवर बदला, दोन्ही कनेक्टर सारखे असतील तरच, जबरदस्ती नको. दोष केबलीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर कॅमेरा किंवा केबल खराब, तिथेच राहिला तर युनिटचं सॉकेट खराब.

पुढचा कॅमेरा वळताना बंद पडत असेल तर गाडी स्टँडवर लावून, चालू ठेवून, हँडल एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत सावकाश फिरवा आणि फोनवर चित्र बघा. डावीकडे पूर्ण फिरवलं की चित्र जातं, याचा अर्थ केबल ताणली जातेय किंवा टाकीखाली दबली आहे, केबल टाय कापून थोडी ढील द्या.

पावसात बंद, उन्हात चालू असं असेल तर कनेक्टर उघडा. माझ्या मागच्या कॅमेऱ्याचा ताम्हिणीच्या एका भिजऱ्या राइडनंतर उघडला तेव्हा चारातल्या एका पिनेवर, जुन्या तांब्याच्या भांड्यावर येतो ना, तसा हिरवट थर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासलं, वाळू दिलं, रबरी वॉशर जागेवर आहे ना ते बघितलं आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवलं. केबल कनेक्टरकडे येताना खाली एक छोटा झोळ सोडायचा, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, कनेक्टरात शिरत नाही.

आयपी६७ लिहिलंय म्हणून वॉशिंग सेंटरवर निर्धास्त राहू नका. त्या आकड्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल असा आहे, प्रेशरच्या पाण्याची त्यात काही गॅरंटी नाही. तिथल्या पोराला आधीच सांगा, "भाऊ, कॅमेऱ्यावर आणि सीटखाली गन मारू नको."

चित्र दिसतंय पण नीट नाही

काचेच्या आतून वाफ धरली तर सील गेलंय. वॉरंटीत असेल तर उघडू नका. नसेल तर कॅमेरा काढून तांदळाच्या डब्यात वगैरे नको, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा.

रात्री रस्त्यावरचे दिवे व्हिडिओत फडफडतात? सेटिंगमध्ये फ्रीक्वेन्सी ६० असते ती ५० हर्ट्झ करा, आपली लाइट ५० ची आहे. चित्र उलटं किंवा आरशासारखं आलं तर फ्लिप आणि मिररच्या सेटिंगा बघा, काही मोडलेलं नाही. चित्र जेलीसारखं थरथरतंय तर माउंट ढिला आहे किंवा लवचीक पट्टीवर बसवलंय, कॅमेरा फ्रेमला घट्ट हवा. आणि कॅमेरा कशाला, फोनच लावतो हँडलवर, असा विचार असेल तर २०२१ मध्ये अ‍ॅपलनेच सांगितलंय की मोठ्या इंजिनाच्या बाईकच्या हादऱ्याने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं.

रात्री पुढच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही ही मात्र बिघाडाची गोष्ट नाही. आपलाच हेडलाइट प्लेटवर पडून ती पांढरीफटक होते. एक्स्पोजर एखाद-दोन टप्पे कमी करून बघा, थोडा फरक पडतो, चमत्कार होत नाही.

तारीख-वेळ

तारीख परत-परत जुन्या वर्षावर जात असेल तर आतला छोटा सेल किंवा कपॅसिटर रिकामा झालाय, किंवा कायमची प्लस वायर जोडलेलीच नाही. जीपीएस असलेल्यांनी टाइम झोन बघा. आपलं जीएमटी अधिक ५:३० आणि काही स्वस्त कॅमेऱ्यांच्या यादीत ५ आणि ६ असतात, मधला अर्धा तास नाहीच. मग जीपीएसवरून वेळ घेणं बंद करून हाताने लावा. अर्ध्या तासाची चूक क्षुल्लक वाटते पण पुढे पोलिसांना व्हिडिओ द्यायची वेळ आली की पहिला प्रश्न वेळेवरूनच येतो. सॅटेलाइट सापडत नसेल तर अँटेना कुठल्या पत्र्याखाली आहे का बघा, प्लॅस्टिकखाली चालते.

फोन जोडला जात नाही

इथे कॅमेऱ्याचा दोष जवळपास नसतोच. कॅमेऱ्याच्या वायफायवर इंटरनेट नसतं, फोन हुशारी करून परत मोबाइल डेटावर जातो. डेटा बंद करा, व्हीपीएन असेल तर तोही, अ‍ॅपला लोकेशनची परवानगी द्या, आयफोनवर लोकल नेटवर्कची. पासवर्ड बदललाच नसेल तर बऱ्याचदा १२३४५६७८ असतो, तो पहिल्याच दिवशी बदला, सिग्नलला शेजारी उभा असलेला कोणीही तुमचे व्हिडिओ बघू शकतो. व्हिडिओ उतरला पण फोनवर चालत नाही, नुसता आवाज येतो, तर फाइल एच.२६५ नावाच्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये आहे, व्हीएलसी प्लेयरचं अ‍ॅप टाका.

फर्मवेअर अगदी शेवटी. नेमक्या त्याच मॉडेलचं, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, आणि अपडेट चालू असताना चावीला हात लावायचा नाही.

आणि खरंच काही घडलं तर

गाडी बाजूला घेतली, सगळे ठीक आहेत बघितलं, की लॉकचं बटण दाबा आणि चावी बंद करून दिवा पूर्ण विझल्यावरच कार्ड काढा. दिवा चालू असताना ओढलंत तर नेमकी शेवटची फाइल खराब होते. घरी जाऊन कॉपी करा. मूळ फाइल कापू नका, नाव बदलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबून छोटी होते आणि नंबर प्लेट गेलीच, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झालाय, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसाच म्हणा, लिहावी लागते. फाइल एका फ्रेमनेही कापली तरी हॅश बदलते, म्हणून मूळ कार्ड तसंच्या तसं पाकिटात घालून वर तारीख टाकून ठेवा. कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घाला आणि कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करून घ्या, हे दुसरं कार्ड घालायचं मी एकदा विसरलो आणि दोन दिवस सीटखालून येणारा बीप-बीप ऐकत, गाडीचं काय बिघडलंय म्हणून डोकं खाजवत फिरलो.